माळ्यावरच्या ट्रंकेतले सहाबारी : किंमत करावी कशी?

जुने घर उतरवायला काढले की काय काय बाहेर येते! कृष्णा-कोयनेच्या काठी मातीच्या भिंतींची कौलारू घरे जाऊन सिमेंटची घरे उभी राहत आहेत. माळ्यावरची ट्रंक खाली येते. तीत आजोबांचा फेटा, लष्करातली पदके, सारा भरल्याच्या पावत्या असतात आणि एखाद्या घरी तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक जुने सहाबारी रिव्हॉल्व्हरही निघते. आजोबा गेले, वडील गेले, आता त्याचे करायचे काय?

मग सल्ला देणारे गोळा होतात. एक म्हणतो, "गंजलंय, भंगारात घाला." दुसरा म्हणतो, "वेडे की काय, विलायतेत याला लाखो रुपये मिळतात." तिसरा कानाशी लागतो, "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, रोख देतो, बोभाटा नको." वाचकहो, या तिघांचेही ऐकू नका. पहिल्याच्या नादाने ठेवा जाईल, दुसऱ्याच्या नादाने भावाभावांत वाकडे येईल आणि तिसऱ्याच्या नादाने तुरुंगाचे दार दिसेल. जुन्या हत्याराची वाजवी किंमत काढण्याची एक रीत आहे. ती बैल पारखण्याइतकीच जुन्या अनुभवाची आहे, म्हणून आपल्याला समजायला अवघड नाही.

आधी हात आवरा

किंमतीच्या आधी जीव. पन्नास वर्षे पडून असलेल्या हत्यारात काडतूस नसेलच, असे धरून चालू नका. घोडा ओढून बघणे, चाप दाबून बघणे, पोरांना हातात देऊन फोटो काढणे, हे काही करू नका. नळी कोणाकडेही रोखली जाणार नाही असे ठेवून ती खोली बंद करा आणि पुढचे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. जुनी काडतुसे वेगळी सापडली तर चुलीत, उकिरड्यात किंवा विहिरीत टाकू नका. त्यांचाही हिशेब कायद्याला द्यावा लागतो.

दुसरे म्हणजे घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह टाळा. पितळेची समई चिंचेने घासली की उजळते, पण हत्याराचे तसे नाही. कारखान्यातून येताना लोखंडावर जो निळसर काळा मुलामा दिलेला असतो, तो पॉलिश पेपरने एकदा गेला की गेलाच. जाणकार गिऱ्हाईक त्या मुलाम्याचेच पैसे देतो. शिवाय घासताना कारखान्याचे नाव आणि नंबर पुसट झाला, तर मामला किंमतीपुरता राहत नाही. ओळखीच्या खुणा नसलेले किंवा पुसलेले हत्यार बाळगणे हा कायद्याने वेगळा गुन्हा आहे.

पहिली किंमत कागदाची

पुसेगावच्या सेवागिरीच्या यात्रेत खिल्लार खोंड घेताना आपण पावती मागतो. पावती नसलेले जनावर कितीही देखणे असले तरी शहाणा माणूस दावे हातात घेत नाही. इथे पावती म्हणजे परवाना.

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. तेव्हापासून आपल्याकडच्या इनामदार, पाटील, सावकार आणि निवृत्त सुभेदार मंडळींकडची हत्यारे परवान्यावर आली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला, तो १९६२ पासून लागू आहे. परवान्याच्या जुन्या पुस्तकात हत्याराचा कारखाना, बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. तो नंबर आणि हत्यारावरचा नंबर जुळला, तर तुमच्या वस्तूला बाजार आहे. जुळला नाही, किंवा परवानाच नाही, तर उघड बाजारात तिची किंमत शून्य. हे कडू वाटेल, पण खरे आहे.

म्हणून हत्यारापेक्षा आधी कागद शोधा. परवान्याचे पुस्तक, नूतनीकरणाच्या पावत्या, दुकानाची खरेदीपावती, निवडणुकीच्या वेळी ठाण्यात हत्यार जमा केल्याची पोच, यांतले जे मिळेल ते जपून ठेवा. निवडणुकीतली ती पोच अनेकजण फेकून देतात. परंतु हत्यार कोणत्या साली कोणाच्या नावावर होते, याचा तो सरकारी पुरावा असतो.

"अहो, पण हे शंभर वर्षांचे जुने आहे, त्याला कसला परवाना?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली हत्यारे जुनी म्हणून वेगळी धरतात. आपल्या कायद्यात असे साल नाही. आपल्याकडे सूट आहे ती जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या अशा हत्याराला, आणि तेही जे दुरुस्त करून किंवा न करता, कसेही चालू होण्याजोगे उरलेले नाही. म्हणजे वयावर काही ठरत नाही, चालू होऊ शकते की नाही यावर ठरते. आणि ते तुम्ही-आम्ही ठरवायचे नाही. गावच्या लोहाराकडून नळीत शिसे ओतून घेतले म्हणजे भागले, असेही नाही.

दुसरी गोष्ट बोअरची

आता ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सर्वात जास्त फसगत इथेच होते.

आपल्या भागात घरटी फौजी. सातारा तालुक्यातले अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. त्यामुळे जुने रिव्हॉल्व्हर म्हटले की पलटणीतले वेब्ली डोळ्यांपुढे येते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे पहिले लष्करी रिव्हॉल्व्हर १८८७ साली इंग्रजी फौजेने घेतले, आणि पहिल्या महायुद्धात १९१५ साली त्याचा सहावा नमुना आला. हे रिव्हॉल्व्हर वरून उघडते. नळी खाली वाकते आणि रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकली जातात. बोअर पॉइंट ४५५. पुढे १९३२ पासून एन्फील्डचे थोडे लहान रिव्हॉल्व्हर फौजेत आले, ते पॉइंट ३८० चे.

ही दोन्ही बोअर आपल्या नियमांप्रमाणे 'प्रतिबंधित' वर्गात मोडतात. केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती कोणालाही घेता येत नाहीत. म्हणजे तुमच्याकडचे लष्करी वेब्ली कितीही सुरेख असो, साध्या परवान्याचा शेजारी ते विकत घेऊ शकत नाही. गिऱ्हाईक नाही तिथे भाव कुठला?

सर्वसाधारण परवान्यावर जे रिव्हॉल्व्हर मिळते ते बहुतेक पॉइंट ३२ बोअरचे. वेब्लीनेच या बोअरची लहान रिव्हॉल्व्हरे केली, अमेरिकेच्या कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कारखान्यांनीही केली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. तेव्हा त्याआधी आलेला माल तेवढाच राहिला. माल कमी आणि मागणी जास्त, म्हणून परवान्यावरच्या जुन्या विलायती पॉइंट ३२ ला आपल्या देशात चांगला भाव येतो. तेच हत्यार परदेशात मामुली समजले जाते. म्हणून परदेशातले भाव वाचून हुरळू नका आणि खचूही नका. तो बाजारच वेगळा.

दात पाहतो तसे हत्यार पाहावे

कागद आणि बोअर ठीक निघाले, तर मग पारख. ही पारख परवानाधारक बंदूक-विक्रेत्याकडून करून घ्यावी, पण आपल्यालाही चार गोष्टी ठाऊक असाव्यात.

एक, नाव आणि खुणा. अस्सल विलायती हत्यारावर कारखान्याचे नाव कोरलेले असते आणि नळी तपासून पास केल्याच्या सरकारी तपासणीच्या बारीक मोहोरा असतात. लष्करी मालावर बाणाच्या फाळासारखी खूण दिसते. काही हत्यारांवर विकणाऱ्या दुकानाचेही नाव असते. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होते, तिथून साहेबलोक खरेदी करीत. अशा नावाने किंमत वाढते. परंतु नाव वाचताना अक्षर न् अक्षर तपासा. आज पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेल इथे कारागिरांनी वेब्लीच्या हुबेहूब नकला पिढ्यान् पिढ्या केल्या. तिथल्या मालावर पुष्कळदा स्पेलिंग चुकलेले किंवा अक्षर उलटे पडलेले सापडते.

दोन, नंबर. सांगाड्यावरचा आणि सहा घरांच्या चक्रावरचा नंबर एकच असावा. वेगळा असला तर दोन हत्यारे मोडून एक केलेले आहे असे समजावे. जोडी फुटलेल्या बैलासारखा त्याचा भाव उतरतो.

तीन, मूळपण. मुठीच्या फळ्या बदललेल्या, नळी कापलेली, वर निकेलचा नवा चकचकीत मुलामा दिलेला, असे काही असेल तर संग्राहक मागे सरतो. अमेरिकेत गेलेल्या कित्येक वेब्लींचे चक्र तिकडची काडतुसे बसावीत म्हणून मागून तासले गेले. अशा तासलेल्या हत्याराला आज न तासलेल्यापेक्षा कमी मोल येते. जुन्या वस्तूची सुधारणा केली की किंमत वाढते, हा समज खोटा आहे.

चार, आतली अवस्था. नळीतले आटे स्वच्छ आहेत की गंजाने खाल्ले, चक्र डुगडुगते की ठाम बसते, कातडी म्यान आणि खोके सोबत आहे का, हे पाहतात. म्यान कुजके दिसले तरी फेकू नका.

गोष्टीची किंमत

आता येते ती गोष्टीची किंमत. गोष्टीला किती मोल असते, याचे एक उदाहरण सांगतो. फ्रान्समध्ये ओव्हेर नावाच्या गावी १९६५ साली एका शेतकऱ्याला शेतात गंजून खलास झालेले रिव्हॉल्व्हर मिळाले. व्हान गॉग या जगप्रसिद्ध चित्रकाराने १८९० साली त्याच गावी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती, असे मानले जाते. हत्याराचा ७ मिलिमीटरचा बोअर जुन्या नोंदीशी जुळला, आणि ते जमिनीत किती वर्षे होते याचा अंदाजही जुळला. २०१९ साली पॅरिसच्या लिलावात ते १ लाख ६२ हजार ५०० युरोला गेले. त्या वेळच्या दराने सव्वा कोटी रुपयांच्या घरात. लोखंड म्हणून त्याला रद्दीवाल्यानेही हात लावला नसता!

आपल्याकडचेही एक ताजे उदाहरण आहे. नागपूरकर रघुजीराजे भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. पाते युरोपी घडणीचे. तशी पाती असलेल्या तलवारी आणखीही आहेत. पण हिच्यावर रघुजीराजांचे नाव देवनागरीत कोरलेले आहे. किंमत आली ती त्या अक्षरांना.

सातारा-सांगलीत प्रत्येक जुन्या पिस्तुलाला एकच गोष्ट चिकटते : "हे पत्रीसरकारातले." आणि ती अगदीच अशक्यही नसते. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात याच मुलखात चालले. कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेच्या जवानांनी सरकारी पगाराची गाडी अडवली. नागनाथअण्णा नायकवडी हत्यारे मिळवण्यासाठी गोव्यापर्यंत गेले होते. तेव्हा एखाद्या घरी त्या दिवसांची आठवण उरली असेल तर नवल नाही.

पण गोष्ट सांगणे वेगळे आणि शाबीत करणे वेगळे. आजोबांचे स्वातंत्र्यसैनिक म्हणून सन्मानपत्र आहे का? खटल्याच्या कागदांत, त्या वेळच्या वर्तमानपत्रात, जुन्या फोटोत त्या हत्याराचा उल्लेख आहे का? "आजोबांनी लढाईतून आणले" म्हणत असाल तर ते अधिकारी होते का, हे त्यांच्या फौजी पुस्तकात पाहा. साध्या शिपायाला रायफल मिळत असे, रिव्हॉल्व्हर हे मुख्यतः अधिकाऱ्याचे हत्यार. पुराव्याशिवायच्या गोष्टीचा एक पैसाही हिशेबात धरू नये, आणि पुरावा असलेली गोष्ट घाईने कोणाला विकू नये.

गोष्ट खरीच निघाली, तर किंमतीहून मोठा विचार करावा. औंधचे श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभे केले. साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात २०२४ साली लंडनहून आलेली वाघनखे पाहायला लोक रांगा लावून गेले. आपल्या मुलखाच्या लढ्याची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत अशा ठिकाणी गेली, तर आजोबांचे नाव चार पिढ्यांना दिसेल. तिजोरीत ठेवून कोणाला दिसणार?

भाव काढायची रीत

कागद, बोअर, अवस्था आणि गोष्ट या चारही गोष्टी पाहिल्यावर भाव काढावा. निदान दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्या. विचारताना "काय मागता येईल?" असे विचारू नका, "तुम्ही स्वतः किती देऊन घ्याल?" असे विचारा. मागितलेला भाव आणि पडलेला भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. बाजारात लाल मिरची काय दराने सांगतात यापेक्षा काय दराने गेली, हेच आपण विचारतो ना?

तुलनेला एक आकडा उपयोगी पडेल. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली पॉइंट ३२ चे 'निर्भीक' हे नवे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. नवे हत्यार आज काय भावाने मिळते ते विचारा आणि जुन्याला त्याहून अधिक मागणारा कशासाठी मागतो, याचे उत्तर कारखान्याच्या नावात, अवस्थेत किंवा पुराव्यात सापडते का पाहा. सापडले नाही तर तो भाव हवेतला.

विक्री ठरली तरी हातोहात देवघेव होत नाही. घेणाऱ्याकडे परवाना हवा. विकण्याचा इरादा जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जावे लागतात. "आज रोख, उद्या कागद" म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे, संकट समजा. परदेशी पाठवण्याच्या बाता मारणाऱ्यालाही तसेच हाकला. शंभर वर्षांपुढच्या पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे.

वाटणी करताना

हत्याराची वाटणी करवताने होत नाही. ते एकाच्याच नावावर राहते. म्हणून भाव ठरवायचा तो बहुधा विकण्यासाठी नव्हे, तर घरातल्या घरात न्याय करण्यासाठी. समजा दोन भाऊ आणि एक बहीण. तिघांच्या संमतीने हत्याराचा भाव ९० हजार ठरला. थोरल्याने ते स्वतःच्या परवान्यावर घेतले, तर धाकट्याला ३० हजार आणि बहिणीला ३० हजार. बहिणीचा वाटा "तिला काय करायचंय बंदूक" म्हणून खाऊ नका. तिला बंदूक नको असेल, तिचे पैसे तर तिचेच आहेत. शिवाय वारसाच्या नावे परवाना करताना इतर वारसांची नाहरकत लागते. त्या सहीसाठी मग तिच्याच दारात जावे लागते.

वडीलधाऱ्यांनी ही व्यवस्था हयातीतच करावी, हे उत्तम. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, यांतले जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, वारसाने आलेली धरून. परवाना आता पाच वर्षांचा असतो. घरात आधीच दोन असतील तर तिसऱ्याचा विचार वेळीच करा.

आणि कागद नसतीलच तर?

तर किंमतीचा विषय बाजूला ठेवा. बिनपरवाना साध्या बोअरच्या हत्यारालाही २०१९ पासून दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि प्रतिबंधित बोअरला त्याहून कितीतरी कडक. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगितले आहे, की हत्यार बाळगणे म्हणजे ते आपल्याकडे आहे याची जाणीव असणे. ट्रंक उघडेपर्यंत तुम्हाला जाणीव नव्हती. उघडल्यावर आहे. म्हणून दिवस घालवू नका. वकिलाला बरोबर घ्या, केव्हा, कुठे, कोणासमक्ष सापडले याचा अर्ज लिहा, ठाण्याला आधी वर्दी द्या आणि ते सांगतील त्या रीतीने हत्यार जमा करून पोच घ्या. हत्यार पिशवीत घालून एस.टी.ने कराडला निघू नका. जुना परवाना कोणाच्या नावे होता का, याचा शोध जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज देऊन घेता येतो. परवाना सापडलाच, तर जमा केलेले हत्यार वारसाला मागता येते किंवा रीतसर विकून त्याचे पैसे घेता येतात, पण ठरलेल्या मुदतीत.

थोडक्यात, क्रम ध्यानात ठेवा : आधी सुरक्षितता, मग कागद, मग बोअर, मग खुणा आणि अवस्था, मग पुराव्यासह गोष्ट, आणि सर्वात शेवटी भाव. बाजारात हा क्रम उलटा लावणारे लोक फिरत असतात. ते आधी भाव सांगतात आणि कागदाचे नाव शेवटी काढतात. अशा माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा.